बी.ए.च्या पोरांना प्रश्नावली घेऊन गावात पाठवणं बंद करावं का?

काळीमाती
नव्या शैक्षणिक धोरणात फील्ड प्रोजेक्ट आल्यापासून आपल्याकडच्या कॉलेजांत ठरलेला कार्यक्रम आहे. चाळीस प्रश्नांच्या झेरॉक्स, जवळचं गाव, एक दुपार, शंभर फॉर्म. मग एक्सेलमध्ये टक्केवारी आणि रंगीत पाय-चार्ट. माझं मत: पदवीला हे बंदच करा, आधी गावचे कागद वाचायला शिकवा. सातबारा, ८-अ (एका खातेदाराची गावातली सगळी जमीन), ग्रामपंचायतीचा नमुना ८ (घरांच्या कर आकारणीची यादी), रोजगार हमीचे (रोहयो) हजेरीपट, ग्रामसभेचं कार्यवृत्त.

२०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः मोबाईलवरून सातबाऱ्यावर पीक नोंदवतो. वीस गट नंबर घ्या, नोंदी उतरवा, बांधावर जा. कागदावर नुसतं सोयाबीन, शेतात मधे तुरीची तासं, म्हणजे ओळी. नोंद आणि वास्तव यांतलं अंतर का पडलं, एवढं शोधताना पोरगा वैधता म्हणजे काय, आपण मोजायचं तेच मोजतोय का, ते शिकतो.

शिवाय गावं सर्व्हेला विटलीत. शेतकरी आत्महत्यांनंतर आलेल्या २००६ च्या पंतप्रधान पॅकेजपासून पश्चिम विदर्भात फॉर्म घेऊन आलेला माणूस म्हणजे यादी करायला आलेला माणूस. उत्पन्न विचारलं की दाखल्यावरचे वर्षाला २१ हजार सांगतात, कारण निराधार योजनेची मर्यादा तीच. तुम्ही उत्पन्न नाही, दाखला मोजता.

पळसबन
दुखणं ओळखलंत, औषध चुकलं. तुमचे कागद काय आभाळातून पडले? शेतकरी आत्महत्येची पात्र-अपात्र प्रकरणं बघा. सरकारच्या एक लाखाच्या मदतीसाठी जमिनीचा कागद हवा, थकीत कर्ज हवं. जन्मभर त्याच वावरात राबलेली, पण सातबाऱ्यावर नसलेली बाई अनेकदा 'अपात्र'. कागदावरून शिकलेला विद्यार्थी ती बाई शेतकरीच नव्हती असं लिहून मोकळा होईल.

मक्त्यानं (ठरलेल्या भाड्यानं) किंवा बटईनं (पिकाच्या वाट्यावर) दुसऱ्याची जमीन वाहणाऱ्यांचंही तेच. करार तोंडी, म्हणून सातबाऱ्यावर नाव नाही. ८-अ वाचून तुम्ही नागपुरात राहणाऱ्या मालकाला शेतकरी आणि प्रत्यक्ष वाहणाऱ्याला भूमिहीन मोजाल.

दोष विचारण्यात आहे. 'योजनेचा लाभ मिळतो का? हो/नाही' हा प्रश्नच नव्हे. असं विचारा: शेवटचं रेशन कधी उचललं? किती किलो? कार्डावर नावं किती? प्राधान्य कार्डाला माणशी ५ किलो. चार नावं आणि १८ किलो धान्य, म्हणजे दोन किलो कुठे गेले हा खरा धोरणाचा प्रश्न. तो हजेरीपटात सापडत नाही.

दहाटक्के
दोघंही नमुन्याबद्दल, म्हणजे कोणती घरं निवडली याबद्दल, गप्प. 'शंभर फॉर्म' आले कुठून? तीनशे घरांचं गाव, ९५ टक्के खात्री आणि दहा टक्के इकडेतिकडे चालत असेल तर ७३ घरं पुरतात. पाच टक्क्यांवर आणायचं तर १६९. पण ही ७३ सोडतीनं निघालेली हवीत. पारावर भेटले त्यांचे तीनशे फॉर्म भरले तरी गणित लागू होत नाही.

मतदारयादीवरून घरं काढू नका. ज्या घरी मतदार जास्त, ते घर निवडलं जाण्याची शक्यता तेवढ्या पट. आधी गावात फिरून नजरी नकाशा (हातानं काढलेला, घरं दाखवणारा) काढा, दारांवर खडूनं आकडे टाका, १ ते ४ मधून चिठ्ठी उचला, मग दर चौथं घर. ७५ होतात. दाराला कुलूप असेल तर पुन्हा जायचं, शेजारच्या घरात शिरायचं नाही. इथेच सगळे घसरतात.

आणि कापूस वेचणीच्या दिवसांत दुपारी बाराला जाऊन काय मिळणार? म्हातारी माणसं, मास्तर आणि दुकानदार. मजूर नमुन्यातूनच गायब, मग निष्कर्ष येतो की गावाला रोजगाराची अडचण नाही. सकाळी सातच्या आत जा, नाहीतर दिवेलागणीनंतर. बहुतेक गावांत आठवडी बाजाराला मजुरी बंद असते, तो दिवस उत्तम.

वावरातला
भाऊ, हे सारं साठ तासात बसवून दाखवा ना. दोन श्रेयांकाचे तास तेवढेच हायेत. पोरं मंग घरीच बसून फॉर्म भरतेत.

दहाटक्के
@वावरातला घरी भरलेले फॉर्म ओळखता येतात. वयाचा रकाना बघा. खऱ्या गावात प्रौढांची वयं ४०, ४५, ५०, ६० वर गोळा होतात, कारण माणसं अंदाजानं सांगतात. बनावट गठ्ठ्यात ३७, ४३, ५२ असं छान पसरलेलं असतं. पोरं हुशारी करतात तिथेच सापडतात.

तासांचं म्हणाल तर प्रश्न चाळीसवरून बारावर आणा. सहा घरांत कच्ची चाचणी घ्या, निम्मे प्रश्न तिथेच मोडतात. ते का मोडले यावर दोन पानं लिहून घ्या आणि अर्धे गुण त्यालाच द्या. पाय-चार्टला शून्य.

काळीमाती
कच्ची चाचणी मान्य, वयाचा रकाना तर चोरणारच. पण बारा प्रश्नांतही 'कुटुंबात माणसं किती' असणारच ना? बाप पुढच्या खोलीत, पोरगा मागच्या. रेशनकार्ड एक, चुली दोन. पोरं कार्ड मागतात, त्यावरची नावं उतरवतात. म्हणजे शेवटी कागदच, तोही न तपासता!

पळसबन
म्हणून कार्ड मागायच्या आधी विचारायचं: काल रात्री या चुलीवर कोण कोण जेवलं? जनगणनेतही कुटुंब सामाईक स्वयंपाकावरच धरतात. मग कार्ड बघा आणि फरक शेजारी लिहा. विचारायला मुलगी असेल तर बरं. मुलगा गेला की घरातला पुरुष बोलतो, आणि बाईची मजुरी तोच अंदाजानं सांगतो.

काळीमाती
आणि पोड? यवतमाळकडे कोलाम आदिवासींचं पोड, म्हणजे त्यांची वस्ती, गावठाणाबाहेर असतं. तुमचा नजरी नकाशा मारुतीच्या देवळापासून सुरू होतो आणि शेवटच्या हातपंपाशी संपतो.

दहाटक्के
मग नकाशा पोडापासून सुरू करा. घरं कमी असतील तर तिथली सगळीच घ्या आणि बेरजेत त्यांचं वजन त्या प्रमाणात उतरवा, नाहीतर आकडा पोडाकडे झुकेल. वर्गात कोलामी बोलणारं पोर असेल तर बारा प्रश्नांचं कोलामीत भाषांतर त्याच्याकडून करून घ्या आणि दुसऱ्या कोलामी बोलणाऱ्याकडून मराठीत परत आणा. 'मक्ता' आणि 'कर्ज' परत येताना काय झालं ते बघा.

वावरातला
आन् असं पोर वर्गात नसंन तर?

पळसबन
तर 'पोड वगळलं' असं अहवालाच्या पहिल्याच पानावर लिहायचं. आणि 'गावातील कुटुंबे' हा शब्द खोडायचा.