विषय: चाळीसगावची व्हॅन तापतेय, मेस्त्री म्हणतो हेड उघडा

राम राम मंडळी,

चाळीसगावला भावाकडे २००७ ची ओम्नी आहे. एलपीजी किटवाली, २ लाख ४० हजार किलोमीटर झालेली. गावात काटा मध्यावर असतो. हायवेला साठच्या वर गेली की पाच-सात मिनिटांत चढायला लागतो, आणि कन्नड घाटात अर्ध्यावरच लाल रेघेला टेकतो. मेस्त्रीने थर्मोस्टॅट (पाणी तापेपर्यंत रेडिएटरची वाट बंद ठेवणारा व्हॉल्व) काढून टाकला, काही फरक नाही. आता त्याचं म्हणणं, "गाडी तापी ऱ्हायनी म्हंजे गॅस्केट गयं, हेड उघाडनं पडी." पाणी बोअरचं टाकतात, आठवड्याला लिटरभर लागतं. हेड उघडू द्यावं का?

— ताई, मस्कत

*

ताई, इतक्यात नको. गॅस्केट, म्हणजे हेड आणि ब्लॉकच्या मधलं सील, गेलंय की नाही हे हेड न उघडता कळतं. उघडून ते शाबूत निघालं तरी फेसिंग (हेडचं तोंड घासून सपाट करणं), नवं गॅस्केट आणि मजुरी डोक्यावर बसतेच.

तुम्ही जे लिहिलंय त्यातच अर्धं निदान आहे. उभी असताना किंवा बाजारपेठेच्या गर्दीत तापणारी गाडी म्हणजे बहुधा पंख्याची तक्रार: मोटर, रिले, फ्यूज. हायवेला वारा आपोआप मिळतो, तिथे पंख्याचं काम फारसं नसतं. तिथेच तापत असेल तर पाणी पुरेसं फिरत नाही किंवा रेडिएटर उष्णता बाहेर टाकत नाही. तुमची केस ही दुसरी. त्यामुळे पंख्याकडे एकदा नजर टाका आणि पुढे चला.

भावाला सकाळी इंजिन पूर्ण गार असताना एवढं करायला सांगा.

रेडिएटरची टोपी उघडून पाणी काठोकाठ आहे का ते बघा, रंगही बघा. तांबूस असेल तर गंज. टोपी उलटी करून खालचं रबर नखाने दाबा. कडक, चिरलेलं किंवा चपटं झालं असेल तर टोपी बदला. ह्या गाड्यांच्या टोपीवर साधारण ०.९ छापलेलं असतं. तेवढा दाब टिकला तर साधं पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास उकळतं, दाब निसटला की शंभरलाच. सगळ्यात स्वस्त पार्ट हाच, आणि मेस्त्री लोक सगळ्यात शेवटी बघतात तोही हाच.

मग टोपी काढून ठेवूनच इंजिन चालू करा. पहिल्या दोन मिनिटांत पाण्यात एकसारखे बुडबुडे येत राहिले, किंवा टोपी लावून चालू केल्यावर इंजिन गार असतानाच वरचा होज पाईप दगडासारखा कडक झाला, तर इंजिनच्या सिलिंडरमधला जळका वायू पाण्यात शिरतोय. ते गॅस्केट. सुरुवातीचे चार-दोन बुडबुडे अडकलेल्या हवेचे असतात, त्यांना घाबरू नका. तिन्ही प्लग काढून बघा. दोन तपकिरी आणि एक धुतल्यासारखा स्वच्छ असेल तर त्या सिलिंडरमध्ये पाणी जातंय. कॉम्प्रेशनही (सिलिंडरमधला दाब) मोजून घ्या. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरचं एकदम पडलेलं असेल तर मेस्त्रीचं खरं. ऑइल गेजवर दुधाळ साय दिसली तरी त्याचंच खरं. गाडी महिनोन्महिने फक्त गावातल्या गावात फिरत असेल तर ऑइलच्या झाकणाखाली थोडी पांढरी साय नुसत्या दमटपणानेही धरते, तिच्यावरून निकाल देऊ नका.

आठवड्याला लिटर जातंय म्हणजे कुठेतरी दिसायलाच हवं. वॉटर बॉडीच्या (पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या) खाली एक बारीक भोक असतं. तिथून पांढऱ्या क्षाराचा ओघळ आला असेल तर आतलं सील गेलं. पुली हाताने हलवा, खुळखुळली तर बेअरिंगही गेलं. ब्लॉकचे पत्र्याचे गोल प्लग गंजून मागच्या बाजूने झिरपतात, इंजिनवरची सीट उचलली तरी ते पटकन दिसत नाहीत, टॉर्च लागेल.

गॅसची गाडी आहे म्हणून अजून एक. एलपीजीच्या रिड्युसरला, म्हणजे पातळ गॅसची वाफ करणाऱ्या डब्याला, इंजिनचंच गरम पाणी जातं. चालू गाडीत रिड्युसरवर बर्फ किंवा दव धरत असेल तर तिथे पाणी पोचत नाही: पातळी कमी आहे नाहीतर हवा अडकली आहे. काटा खोटं बोलेल, रिड्युसर बोलणार नाही.

— आबा, डेट्रॉईट (मूळ भुसावळ)

*

आबांनी सगळं लिहिलंच आहे. एक भर. दिवाळीनंतर गाडी जिनिंगच्या आवारात जात असेल तर रेडिएटरची जाळी बघा. रुईचे तंतू जाळीत बसतात, त्यावर धूळ, त्यावर ऑइलचा हात फिरला की नमदा तयार होतो. पुढून जाळी स्वच्छ दिसते, थर आत असतो. पाणी इंजिनच्या बाजूने पुढे मारायचं, हलक्या दाबाने. सर्व्हिसिंगवाल्याची बंदूक जवळून मारली तर पत्र्या आडव्या होतात आणि मग वारा कायमचा बंद.

आणि थर्मोस्टॅट काढला म्हणूनच तापत असेल का? तो नसला की पाणी इतक्या वेगाने पळतं की रेडिएटरमध्ये गार व्हायला वेळच मिळत नाही, असं ऐकलंय.

— नाना, मेलबर्न (मूळ पारोळा)

*

नाना, रुईचं लाख बोललात. दुसरं मात्र चुकीचं आहे, जरी प्रत्येक गॅरेजात ऐकू येतं. पाणी तेच तेच फिरतंय. रेडिएटरमध्ये कमी वेळ थांबलं तर इंजिनमध्येही कमीच थांबतं. प्रवाह वाढला की उष्णता जास्तच निघते.

थर्मोस्टॅट काढू नये ह्याची कारणं वेगळी. एमपीएफआय (कंप्युटरवर पेट्रोल सोडणाऱ्या) गाडीत पाणी तापलं नाही तर कंप्युटर इंजिन गारच समजतो आणि पेट्रोल जास्त सोडतो. थंडीत गॅसचा रिड्युसर गारठतो. आणि मुख्य म्हणजे खरा आजार झाकला जातो. जुना असेल तर घरीच तपासा: पातेल्यात पाणी, त्यात दोऱ्याने थर्मोस्टॅट टांगायचा, तळाला टेकू द्यायचा नाही, सोबत थर्मामीटर. ८२ छापलेलं असेल तर त्याच्या आसपास उघडायला लागतो आणि ९५ पर्यंत पूर्ण, म्हणजे साधारण ८ मिलिमीटर, उघडायला हवा. काढूनही फरक पडला नाही ह्याचा अर्थ एवढाच की तो गुन्हेगार नव्हता. परत बसवा.

— आबा

*

आबा, भावाने दोन दिवस लावून सगळं केलं. बुडबुडे नाहीत. कॉम्प्रेशन ११, ११, १०.५. प्लग तिन्ही सारखे. ऑइल स्वच्छ. टोपीचं रबर चिरलेलं होतं, पाणी तांबूस. रिड्युसरवर हायवेला दव येतं, गावात नाही. वॉटर बॉडी कोरडी, बेल्ट ठीक. जाळीतून मूठभर रुई निघाली, तरी घाटात तापलीच. पेट्रोलवर चालवली, तशीच तापते.

तापमान मोजायची बंदूक मिळाली होती. वरचा होज पाईप ९८, खालचा ६३. आणि सीट उचलून रेस केली तर खालचा पाईप आत ओढला जाऊन चपटा होतो, रेस सोडली की फुगतो. हे काय?

— ताई

*

ताई, भावाला शाबासकी द्या. सापडलं.

तो चपटा होणारा पाईप सगळं सांगतोय. वॉटर बॉडी खालच्या पाईपमधून पाणी ओढते. रेडिएटर मोकळा असेल तर जेवढं ओढलं तेवढं वरून येतं. नळ्या क्षाराने बुजल्या असतील तर येत नाही, मग ती पाईपलाच आत ओढते. जुना पाईप मऊ पडलेला, तो मिटतो, आणि उरलासुरला प्रवाहही बंद. आयडलला ओढ कमी, म्हणून गावात काही कळत नाही. हाच पाईप रेस करताना नाही, तर रात्रभर उभ्या गाडीत सकाळी चपटा दिसला असता, तर दोष टोपीच्या आतल्या छोट्या व्हॉल्वचा. पाणी गार होऊन आक्रसतं तेव्हा तो उघडून बाहेरच्या बाटलीतलं पाणी परत आत घेतो. दोन्हीतला फरक मेस्त्रीला समजावून सांगा.

९८ आणि ६३ हा आकडाही तेच म्हणतो. चांगल्या रेडिएटरमध्ये दोन्ही पाइपांत दहा-बारा अंशांचा फरक असतो. ३५ म्हणजे पाणी थेंबथेंब चाललंय, जे जातंय ते नको इतकं गार होतंय. खात्री हवी असेल तर गरम गाडीत बंदूक रेडिएटरच्या जाळीवर रांगेने फिरवा. जिथे मध्येच गार पट्टा लागेल तिथल्या नळ्या बंद. चकचकीत धातूवर बंदूक कमी आकडा दाखवते, तिथे काळी टेप चिकटवून मोजा.

जानेवारीत हीच गाडी घाट चढून जात असणार. पाणी ९५ अंश आणि हवा ३० असली की रेडिएटरला ६५ अंशांचा फरक मिळतो. मे महिन्यात हवा ४४ झाली की ५१. म्हणजे पाचवा हिस्सा ताकद नुसती हवेने खाल्ली, आणि अर्ध्या नळ्या बोअरच्या पाण्याने.

काम असं: रेडिएटर उतरवायचा. तांब्या-पितळेचा असेल तर टाकी खोलून रॉडिंग (नळ्यांत सळई घालून साफ करणं) होतं. ॲल्युमिनियमचा आणि प्लास्टिकच्या टाकीचा असेल तर रॉडिंगच्या नादी लागू नका, नवा टाका. खालचा-वरचा दोन्ही होज पाईप नवे, क्लिपांसकट. टोपी नवी. थर्मोस्टॅट नवा, गॅस्केटसह. रेडिएटर बाहेर असतानाच ब्लॉक आणि रिड्युसरच्या नळ्या साध्या पाण्याने उलट्या दिशेने धुवा, स्वच्छ पाणी येईपर्यंत. नाहीतर आतला गाळ आठ दिवसांत नव्या रेडिएटरमध्ये जाऊन बसेल.

हेडला हात लावायचा नाही.

— आबा

*

रेडिएटर परत भरताना घाई झाली की सगळं पुन्हा तसंच दिसतं, म्हणून हे.

निम्मं कूलंट, निम्मं बॅटरीत टाकतात ते डिस्टिल्ड पाणी. तयार मिसळलेलं कूलंट घेतलं तर त्यात पाणी घालायचं नाही. हिरव्यात लाल मिसळायचं नाही. गाडीचं तोंड चढाकडे करून उभी करा, हळूहळू भरा, टोपी उघडी ठेवून आयडलला चालू द्या. थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाते, तिथे पुन्हा भरा. रिड्युसरच्या दोन्ही नळ्या हाताला सारख्या गरम लागेपर्यंत टोपी लावू नका. रिड्युसर रेडिएटरच्या पाण्याच्या पातळीपेक्षा उंच बसवलेला असेल तर हवा तिथेच अडकते. ब्रॅकेट सैल करून तो खाली घ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी गार असताना पातळी बघा, पावशेर कमी झालेली असणारच, भरा. आठवडाभर रोज बघा.

ह्या दरम्यान घाटात काटा चढलाच तर एसी आणि गॅस बंद करून बाजूला घ्यायची, इंजिन बंद, टोपीला किमान पाऊण तास हात नाही. गरम हेडवर बाटलीतलं गार पाणी ओतू देऊ नका. हेड ॲल्युमिनियमचं आहे, वाकलं तर आज नसलेलं गॅस्केटचं काम उद्या खरंच निघेल.

— नाना