विमानकंपनीची खरी चेकलिस्ट घरच्या सिम्युलेटरवर वापरावी का?

दारव्हेकर (जि. यवतमाळ)

मागच्या उन्हाळ्यात माझा भाचा सुट्यांमध्ये आमच्याकडे राहायला आला होता. त्याच्या लॅपटॉपवर फ्लाइटगिअर हा फुकट मिळणारा सिम्युलेटर (संगणकावर विमान उडवण्याचा प्रोग्राम) होता आणि पिशवीत ७३७ विमानाची, झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणलेली चार पानी 'चेकलिस्ट' होती. मी ती मोजली, तर ११२ ओळी भरल्या. पोरगा एक ओळ वाचायचा, ते बटण शोधायचा, दाबायचा आणि पेन्सिलीने खूण करायचा. साठाव्या ओळीच्या आसपास गावची लाइन गेली, बॅटरी जुनी असल्यामुळे लॅपटॉपही बंद पडला आणि विमान नागपूरच्या धावपट्टीपर्यंत पोचलेच नाही. दुसऱ्या दिवशी त्याने ती पाने गादीखाली सारली आणि काहीही न तपासता सरळ धावपट्टीवरून उडायला लागला.

मला या दोन्ही गोष्टी चुकीच्या वाटतात, म्हणून हा धागा मांडतो आहे. माझे म्हणणे असे की, घरच्या सिम्युलेटरवरसुद्धा विमानकंपनीचे वैमानिक वापरतात तीच चेकलिस्ट, त्यांच्याच पद्धतीने वापरावी. भाच्याजवळ होती ती चेकलिस्ट नव्हतीच, ती कार्यपद्धती होती, म्हणजे कोणते काम कशानंतर करायचे याचे वर्णन. बोइंगच्या ७३७ ची उतरण्यापूर्वीची खरी चेकलिस्ट अवघ्या चार ओळींची आहे: इंजिन स्टार्ट स्विच, स्पीडब्रेक (वेग कमी करायला पंखांवर उघडणाऱ्या पट्ट्या), चाके, फ्लॅप (कमी वेगातही विमान हवेत राहावे म्हणून पंखांच्या मागून बाहेर काढायच्या पट्ट्या). वैमानिक सगळी कामे आधी ठरलेल्या क्रमाने, पाठ असल्याप्रमाणे करतो. डोक्यावरच्या पॅनेलवरून त्याचा हात एकेक रांग धरून वरून खाली येतो, आणि याला ते लोक 'फ्लो' म्हणतात. तो संपल्यावरच यादी हातात घेतली जाते, आणि त्या यादीत जे राहून गेले तर जिवावर बेतेल तेवढेच लिहिलेले असते.

ही पद्धत कुठून आली ते बघा. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत ओहायो राज्यातल्या राइट फील्डवर बोइंगचे मॉडेल २९९ हे चार इंजिनांचे नवे बाँबर विमान उडाले आणि लगेच कोसळले. वाऱ्याने शेपटीचे पृष्ठभाग हलू नयेत म्हणून जमिनीवर लावतात ते कुलूप काढायचे राहिले होते. विमान चालवणारा मेजर हिल हा कसलेला चाचणी वैमानिक होता. तो गेला आणि बोइंगचा वैमानिक टॉवर हाही पुढे जखमांनी गेला. त्यानंतर लष्कराच्या वैमानिकांनी आणखी शिकवणी मागितली नाही. छोटी, कागदावरची, दर वेळी वाचायची यादी केली. उलट १६ ऑगस्ट १९८७ रोजी डेट्रॉइटला नॉर्थवेस्ट कंपनीच्या विमानात धावपट्टीकडे जाताना म्हणायची चेकलिस्ट म्हटलीच गेली नाही. फ्लॅप बाहेर आलेले नव्हते आणि इशारा देणाऱ्या यंत्रणेला वीज मिळत नसल्यामुळे भोंगाही वाजला नाही. जमिनीवरचे दोघे धरून १५६ माणसे गेली. विमानातली चार वर्षांची एक मुलगी तेवढी वाचली.

आता घरचा अनुभव सांगतो. मी त्या ११२ ओळी बाजूला ठेवल्या, वहीच्या एका पानावर छोट्या याद्या उतरवल्या आणि त्या वाचायला धाकट्या भाचीला बसवले. ती विचारायची, "दादा, फ्लॅप?" आणि तो स्क्रीनवर न बघताच म्हणायचा, "हो, टाकले." मी नियम केला की 'हो' हे उत्तर चालणार नाही, काट्यावर दिसतो तो आकडाच सांगायचा. तिसऱ्या की चौथ्या दिवशी तिने विचारले, त्याने काट्याकडे बघितले आणि तो गप्प झाला. काटा शून्यावर होता. त्या दिवसानंतर यादी वाच म्हणून मला त्याला सांगावे लागले नाही.

आर्वीचा शिक्षक (जि. वर्धा)

दारव्हेकर, आपला अनुभव मनापासून वाचला, पण आपला निष्कर्ष मला मान्य नाही. आपल्या भाच्याला समजावून सांगणारा मामा घरात होता. माझ्या शाळेत शनिवारी दुपारी दोन जुन्या संगणकांवर दहा-बारा मुले बसतात, आणि मी स्वतः विमानात एकदाही बसलेलो नाही. आम्हाला जे कळते ते त्या लांब यादीतूनच कळते. विमानकंपनीची चार ओळींची यादी ज्याच्यासाठी लिहिली आहे त्याने शेकडो तास उड्डाण केलेले असते आणि त्या एका विमानाचे स्वतंत्र प्रशिक्षणही घेतलेले असते. त्याला आठवण पुरते. आठवीतल्या मुलीला आठवण कशाची करून देणार, जर ती गोष्ट तिला कोणी शिकवलेलीच नसेल?

शिवाय खरी यादी छोटीच असते, हे आपले विधान मोठ्या विमानांपुरते खरे आहे. फ्लाइटगिअरमध्ये सुरुवातीलाच मिळणारे विमान म्हणजे सेस्ना १७२ पी. त्याच्या कंपनीने दिलेल्या पुस्तकातली उड्डाणापूर्वीची यादीच मुळात 'वाचा आणि करा' अशी आहे. इंजिन मिनिटाला १७०० फेऱ्यांवर आणा, किल्ली एकेका मॅग्नेटोवर (इंजिनाला ठिणगी देणाऱ्या यंत्रावर) फिरवा, फेऱ्या १२५ पेक्षा जास्त घसरता कामा नयेत आणि दोन्ही मॅग्नेटोंच्या घसरणीत ५० पेक्षा जास्त फरक पडता कामा नये, असे तिथे आकड्यांसह लिहिलेले आहे. माझ्या एका विद्यार्थिनीने किल्ली फिरवली, काटा किंचित खाली येताना बघितला आणि विचारले की एकाच इंजिनाला ठिणगी देणारी दोन यंत्रे कशासाठी. त्या एका ओळीवर आमचा पाऊण तास गेला. 'मॅग्नेटो – तपासले' एवढेच लिहिलेले असते, तर तिने 'तपासले' म्हटले असते आणि पुढे गेली असती. म्हणून लांब यादी गादीखाली टाकण्याच्या मी ठाम विरोधात आहे.

वायरमन, मोर्शी

मी विमानातले जाणत नाही, पण पोरगा हे सिम्युलेटर खेळतो म्हणून धागा वाचला, आणि दारव्हेकर भाऊंचे म्हणणे मला माझ्या कामावरून पटते. ११ केव्हीच्या खांबावर चढण्याआधी आम्ही उपकेंद्रातून परमिट घेतो. मी फोनवर फीडरचे, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या त्या लाइनचे, नाव सांगतो, ऑपरेटर तेच नाव उलट म्हणतो, ब्रेकर पाडतो, बंद झाल्याची वेळ सांगतो आणि ती दोघांकडेही लिहिली जाते. त्यानंतर लाइन खरोखर मेली आहे का ते मी जागेवर तपासतो आणि अर्थिंग लावतो. एवढे झाल्याशिवाय शिडी टेकवत नाही. हे मी वीस वर्षे करतो आहे आणि मला झोपेतही पाठ आहे. पाठ आहे म्हणूनच दुसऱ्या माणसाने विचारणे लागते. नवखा माणूस भीतीने तपासतो. जुना माणूस 'बंदच असेल' असे धरून चालतो आणि त्यातच जातो.

गुरुजींना एवढेच म्हणेन की, शिकवायचा कागद आणि विचारायचा कागद एकच केला, तर विचारणारा कंटाळतो. मग तो ओळी गाळायला लागतो, आणि कोणती ओळ गाळली ते त्याला स्वतःलाही कळत नाही.

गोंदियाहून

मी बिरसी विमानतळापासून जवळच राहतो आणि प्रशिक्षणाची छोटी विमाने येता-जाता डोक्यावरून बघतो. सिम्युलेटर मी आठ वर्षांपासून वापरतो आहे. वरच्या तिघांनीही न घेतलेला आक्षेप मला घ्यायचा आहे.

'खरी चेकलिस्ट' म्हणजे नेमकी कोणाची? विमान तयार करणारी कंपनी एक यादी देते. विमानकंपन्या ती आपापल्या गरजेप्रमाणे बदलतात आणि वेळोवेळी सुधारतात. इंटरनेटवर हाती लागते ती बहुधा एखाद्या परदेशी कंपनीची, कधीकाळची आवृत्ती असते. अमेरिकेतल्या यादीत हवेचा दाब पाऱ्याच्या इंचांत असतो आणि अल्टिमीटर (उंची दाखवणारे यंत्र) १८,००० फुटांवर २९.९२ ला लावायचे असते. आपल्याकडे दाब हेक्टोपास्कलमध्ये सांगतात, तोच आकडा १०१३ होतो, आणि तो लावण्याची उंचीही अठरा हजारांपेक्षा बरीच कमी असते. नागपूरहून मुंबईला जाताना तो कागद वापरणारा मुलगा बरोबर ओळ चुकीच्या उंचीवर वाचत असतो, आणि आपण अगदी खऱ्यासारखे उडतो आहोत या समाधानात असतो.

दुसरी गोष्ट मला जास्त गंभीर वाटते. फुकटच्या विमान-मॉडेलांमध्ये कित्येक स्विच नुसते चित्रासारखे असतात. ते दाबल्याने आत काहीच घडत नाही. अशा स्विचपुढे रोज 'तपासले' म्हणत राहिले, तर न बघता उत्तर देण्याचीच सवय पक्की होते. ती सवय काय करते ते ३१ ऑगस्ट १९८८ रोजी डल्लासला दिसले. डेल्टा कंपनीच्या ७२७ विमानात चेकलिस्ट वाचली गेली होती. फ्लॅपचे नाव घेतल्यावर 'पंधरा, पंधरा, हिरवा दिवा' हे उत्तरही आले होते. ते कॉकपिटमधल्या ध्वनिमुद्रणात आहे. फ्लॅप मात्र बाहेर आलेले नव्हते. १४ माणसे मेली. यादी होती, वाचणारा होता, उत्तर देणारा होता आणि आकडासुद्धा होता. म्हणून दारव्हेकर, 'आकडाच सांगायचा' हा आपला नियमही पुरेसा नाही, आणि जिथे वाचणाराच नाही, एकटाच मुलगा स्वतः विचारतो आणि स्वतःच उत्तर देतो, तिथे तर खऱ्या यादीची नुसती नक्कल उरते. माझ्या मते सिम्युलेटरवाल्याने आपल्यापुढच्या मॉडेलमध्ये जे खरोखर चालते तेवढ्याचीच यादी स्वतः तयार करावी.

दारव्हेकर

गोंदियाकर, डल्लासचे उदाहरण माझ्या मुद्द्यावर थेट घाव घालणारे आहे आणि मी ते स्वीकारतो. आकडाही तोंडपाठ होऊ शकतो, हे माझ्या लक्षात आले नव्हते. ध्वनिमुद्रणात वाचा उमटते, नजर उमटत नाही. भाचीला आता सांगेन की, त्याने उत्तर दिले तरी काटा तूही बघायचा आणि तुला दिसल्याशिवाय पुढची ओळ वाचायची नाही. मोर्शीच्या भाऊंचा ऑपरेटर नाव उलट म्हणतो, तेही मला इथे उपयोगी वाटते.

परंतु यादी स्वतः तयार करावी हे मात्र पटत नाही. ज्या ओळी चालत नाहीत त्या पेन्सिलीने खोडाव्यात, दाबाची ओळ आपल्याकडच्या पद्धतीने दुरुस्त करावी, इथवर ठीक आहे. नवी यादी मात्र ज्याने विमान कधी चालवलेले नाही तो लिहिणार, आणि त्याला जे महत्त्वाचे वाटेल तेच तिच्यात येणार. माझ्या भाच्याला लिहायला सांगितले, तर तो बाहेरचे दिवे पहिल्या ओळीत घालेल, कारण ते लावायला त्याला आवडतात. बोइंगच्या त्या चार ओळींत काय ठेवायचे आणि काय गाळायचे हे अनेकांच्या मरणांतून ठरलेले आहे. ती निवड मला वापरायची आहे.

आर्वीचा शिक्षक

मोर्शीच्या भाऊंची 'शिकवायचा कागद आणि विचारायचा कागद' ही विभागणी मला मान्य आहे. येत्या शनिवारपासून दोन कागद ठेवतो. पहिले काही आठवडे सेस्नाचे पूर्ण पुस्तक वाचूनच उडायचे. ज्या मुलाला तो क्रम कागद न बघता करता येईल त्याच्याकडूनच लांब कागद काढून घ्यायचा आणि छोटा द्यायचा. पहिल्याच दिवशी छोटा कागद हाती देण्याला माझा विरोध कायम आहे. एकट्याने उडणाऱ्याची अडचण आमच्याकडे येत नाही, कारण एका संगणकामागे पाच-सहा मुले असतात आणि आतापर्यंत त्यातली बाकीची नुसती बघत बसत होती.

गोंदियाकरांना एक विचारायचे आहे. छोट्या कागदावरचे शब्द मराठीत लिहावेत का? 'गिअर?' (म्हणजे चाके) असे विचारल्यावर 'खाली, तीन हिरवे' हे उत्तर आमच्या मुलांच्या तोंडी सहज येते.

गोंदियाहून

विचारण्याचा शब्द विमानात छापलेला असतो तोच ठेवा, कारण मुलाला पॅनेलवर तीच अक्षरे शोधायची असतात. उत्तर मराठीत येऊ द्या. 'तीन हिरवे' म्हणायचे असेल, तर तीन दिवे मोजावेच लागतील.