मदत हवी आहे : पश्चिमेच्या भिंतीतून पावसाचं पाणी आत येतंय

नमस्कार मंडळी, आमचं घर साताऱ्यात शाहूपुरीला, 9 इंची विटांचं बांधकाम आहे. सरळ पाऊस पडला तर काही होत नाही पण पश्चिमेकडून वाऱ्यासकट झड आली की दोन दिवसांत आतल्या खोलीत ओल उतरते, पुट्टीचे पोपडे सुटतात आणि बोट फिरवलं की पांढरा खार हाताला लागतो. आईची कॉट त्याच भिंतीला आहे, तिला दम्याचा त्रास, म्हणून जिवाला घोर लागून राहिलाय.

बाहेरून नीट बघितलं तर बीमच्या खाली जिथं वीटकाम सुरू होतं तिथं आडवी केसाएवढी चीर आहे, आणि खिडकीच्या छज्ज्याला खालून पाणपट्टी (पाणी कडेलाच टपकावं म्हणून ठेवतात ती खाच) काढलेली नाही त्यामुळे पाणी मागं भिंतीकडं पळतं. गेल्या वर्षी पेंटरनं वरून वॉटरप्रूफ कलर मारला, एका पावसाळ्यात फुगून निघाला.

आता एक मिस्त्री म्हणतो चीर व्ही आकारात कापून भरू, दुसरा म्हणतो तेवढा पट्टा फोडून कोंबडीजाळी (बारीक तारेची जाळी) मारून परत प्लास्टर करू. कुणी हे करून घेतलंय का, टिकलं का? आणि भिंत पूर्ण वाळायला दिवाळीनंतर किती थांबावं?