देवाचे राज्य आलेले आहे की यायचे आहे?

प्रश्न : मी कोल्हापूरचा. संस्थानाच्या गोष्टी ऐकत वाढल्यामुळे राज्य म्हटले की गादी, सीमा आणि फौज डोळ्यांसमोर येते. बायबलमधील लूकच्या शुभवर्तमानात (येशूच्या चरित्रात) १७:२१ मध्ये देवाचे राज्य ‘तुमच्यामध्ये’ आहे असे येशू म्हणतो; मग आपण दर रविवारी ‘तुझे राज्य येवो’ अशी प्रार्थना का करतो?

उत्तर १ : घोटाळा शब्दाचा आहे. मूळ ग्रीक ‘बासिलेया’ या शब्दात प्रदेशापेक्षा राजाची सत्ता, त्याचे राज्य करणे, हा अर्थ ठळक आहे. दुसरा शुभवर्तमानकार मत्तय बहुधा ‘स्वर्गाचे राज्य’ म्हणतो, त्यामुळे ते मेल्यानंतरचे ठिकाण वाटते. पण मार्क व लूक हे शुभवर्तमानकार तेच दाखले (येशूच्या बोधकथा) ‘देवाचे राज्य’ म्हणून सांगतात.

उत्तर २ : दादा, मत्तय १३:३३ मधील खमिराचा दाखला पाहा. बाई तीन मापे पिठात खमीर ‘लपवते’. आमच्याकडे रात्री आंबोळीचे पीठ झाकून ठेवतात. तेव्हा पातेल्यात काहीच घडताना दिसत नाही, आणि सकाळी झाकण उचलले की पीठ काठाला लागलेले असते. राज्य आले आहे, पण फुगणे अजून चालू आहे, म्हणून ती प्रार्थना.

उत्तर १ : दाखला चपखल आहे, ताई. तरी ते केवळ अंतःकरणात आहे असे समजू नये, कारण लूक १७ मधला तो शब्द ‘तुमच्या आत’ असाही वाचता येत असला, तरी येशू तेथे परूश्यांशी, म्हणजे त्याला विरोध करणाऱ्या यहुदी धर्मपंथाच्या लोकांशी, बोलत होता; त्यांच्या अंतःकरणात राज्य आहे असे तो म्हणेल हे पटत नाही. त्यामुळे ‘तुमच्यामध्ये’ हेच मला अधिक पटते.

प्रश्नकर्ता : म्हणजे राजाच समोर उभा होता! आभारी आहे.