हळदीचे प्रयोग, घरची वही आणि सतराचा पाढा

कृष्णाकाठ: काल इथे एका ताईंनी लिहिलं, की चौथीच्या पोरांना हळदीचे प्रयोग करायला लावणं आणि दर शनिवारी ‘घरची वही’ पाठवणं म्हणजे मास्तरांनी आपलं काम आईबापांच्या गळ्यात घालणं, आधी सतराचा पाढा घ्या म्हणे. वाचून राहवलं नाही.

मी सांगलीजवळ जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. हळदीत बुडवून वाळवलेल्या फडक्यावर साबण घासला की लाल डाग उमटतो, लिंबू पिळलं की परत पिवळा. आम्ल-आम्लारी हे शब्द मी मागाहून सांगतो. आधी पोरं चुना, खायचा सोडा, चिंच, ताक, सगळं लावून बघतात आणि वहीत लिहितात. त्याच वहीत घरच्यांनी सांगितलेलं एक पान असतं. एका मुलीच्या आजोबांनी हरिपूरच्या पेवांचं, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या खोल खड्ड्यांचं सांगितलं. पेव उघडलं की लगेच उतरायचं नाही, दोरीने पेटता कंदील सोडायचा. विझला तर थांबायचं, नाहीतर आत माणूस मरतो. दुसऱ्या दिवशी वर्गात मेणबत्तीवर ग्लास पालथा घातला. ज्योत विझली तशी ती ओरडली, “आजोबांचा कंदील!” पुस्तकातून हे कुठून आणू?

चौथीची आई: ती पोस्ट माझीच. तुमच्या आजोबांना वेळ असेल. मी दिवसभर मार्केट यार्डात असते. रात्री नऊला पोरगा वही पुढे करतो, कारण आमच्या शाळेत पालकांनीच लिहायची अट आहे. गेल्या वर्षी ज्वालामुखीचं मॉडेल दुकानातून तयार आणलं. बक्षीस त्यालाच मिळालं. यात शिकलं कोण?

तासगावकर: ताईंचं बरोबर आहे. माझ्या भाच्याला हातच्याची वजाबाकी जमत नाही, पण प्रयोगांच्या फोटोंनी ग्रुप भरलेला.

साताऱ्याची बाई: फोटोंची हौस आम्हाला नाही! लिंक भरा, अ‍ॅपवर चढवा, संध्याकाळच्या आत अहवाल द्या. वर मतदार याद्या, सर्वेक्षणं, पोषण आहाराचा हिशेब. प्रयोगापेक्षा त्याच्या पुराव्यालाच जास्त वेळ जातो. आमच्या जिल्ह्यात कुमठे बीटमधली, म्हणजे कुमठे भागातल्या शाळांच्या गटातली मुलं खडे, काड्या आणि फरशीवरच्या आखणीवर गणित शिकली. राज्यभरातले शिक्षक ते बघायला आले. कृती केली म्हणून पाढे बुडतात, हे कुणी सांगितलं तुम्हाला?

तासगावकर: पगार घेता ना? मग कामंही करा. आम्हाला द्राक्षबागही बघावी लागते आणि बँकही.

साताऱ्याची बाई: पगार शिकवण्याचा घेते, याद्यांचा नाही. दोन शिक्षकांत चार वर्ग सांभाळून दाखवा, मग माझा पगार काढा.

तासगावकर: चार वर्ग सांभाळणं अवघड आहे, ते मान्य. पण त्याची शिक्षा पोरांना कशाला?

वाळव्याहून: तुमचं पगाराचं चालू द्या. आमच्याकडे दिवाळीनंतर बीडकडच्या ऊसतोड्यांची पोरं येतात. त्यांच्या कोपीवर, म्हणजे झोपडीवर, वही गेली तर लिहिणार कोण? आईबाप पहाटेच फडात. कोरी वही घेऊन मान खाली घालून उभं राहिलेलं पोर मी पाहिलंय. पुढच्या शनिवारी ते शाळेतच आलं नाही. ‘घरची वही’ म्हणताना कुणाचं घर डोळ्यासमोर असतं, हे आधी सांगा.

कृष्णाकाठ: म्हणूनच आमच्याकडे घरच्यांनी फक्त सांगायचं, लिहायचं पोराने. ऊस जमिनीलगत का तोडायचा, शेंड्यापेक्षा बुडखा गोड का, हे त्या आईला माझ्यापेक्षा जास्त कळतं. तिला कधी कुणी विचारत नाही, माझं दुखणं ते आहे. ताई, पालकांनी लिहायची अट चुकीचीच आहे, मुख्याध्यापकांकडे जाऊन ती काढायला लावा. आणि गणिताचं म्हणाल, तर पावसाळ्यात सांगलीतल्या कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची पाणीपातळी आम्ही रोज फळ्यावर मांडतो. इशारा 40 फुटांना, धोका 45 ला. कालच्यापेक्षा पाणी किती चढलं, ही वजाबाकी पोरं जीव लावून करतात. 2019 च्या पाण्याची खूण घरोघरी भिंतीवर आहे.

वाळव्याहून: विचारा की, जरूर विचारा. पण ती फडातून येते तेव्हा पोर झोपलेलं असतं. हंगामात शाळेच्या वेळेत तुम्हीच फडावर जाऊन विचारणार असाल, तर मला पटेल.

कृष्णाकाठ: जाऊ. पोरांना घेऊनच जाऊ.

चौथीची आई: पोराने लिहिलेलं चालत असेल तर वहीला माझी ना नाही. सोमवारी मुख्याध्यापकांना भेटते. पाढ्यांची तक्रार मात्र तशीच. फूट-इंचाने सतराचा पाढा येत नाही, सर.