मदत हवी आहे: ‘हार्ट ऑफ डार्कनेस’मधला कुर्ट्झ नक्की कसा वाचायचा?

मंडळी, सेमिनारसाठी कॉनराडची ही कादंबरी (१८९९) वाचतेय आणि पुरती अडकलेय. कुर्ट्झ म्हणजे त्यातला काँगोत हस्तिदंत गोळा करणारा, तिथल्या लोकांवर क्रूर सत्ता गाजवणारा गोरा एजंट. झाडाखाली मरायला टेकलेला काँगोतला मजूर, गळ्यात पांढऱ्या लोकरीचा धागा. मार्लो (गोष्ट सांगणारा खलाशी) त्याच्या हातात बिस्कीट देतो. वाटलं, लेखक वसाहतवाद्यांचे वाभाडेच काढतोय. मग नायजेरियन लेखक चिनुआ अचेबेंचं १९७५चं व्याख्यान वाचलं. एका गोऱ्याचं मन ढासळताना दाखवायला अख्खी आफ्रिका नेपथ्यासारखी वापरलीय, हा त्यांचा आक्षेप. पटला. त्या मजुराला ना नाव, ना शब्द!

पण कुर्ट्झचं काय? ‘माणूस मुळात असाच’ म्हणायचं, की हा हस्तिदंताच्या हावेचा आणि बेलगाम सत्तेचा परिणाम? पहिलं मानलं तर तेव्हा काँगोचा मालक असलेला बेल्जियमचा लिओपोल्ड राजा अलगद सुटतो ना? सर म्हणाले, दोन्ही लिही (नेहमीचंच). तुम्ही कुठल्या बाजूने, आणि कुठल्या प्रसंगाच्या आधाराने?