धावण्यासाठी नी सपोर्ट कोणता घेऊ? (तातडीने मदत हवी आहे)

पळपुटा: सातारा हिल हाफ मॅरेथॉन तीन आठवड्यांवर आलीय आणि नेमका आता गुडघा बोंबलतोय. ऑनलाइन बघितलं तर नीकॅप, स्लीव्ह, पट्टा, भोकाचा, बिनभोकाचा, बिजागरीचा... डोकं फिरलं. कोणता घेऊ तेवढंच सांगा. डॉक्टरकडे जा हा सल्ला कृपया नको. आज ऑर्डर टाकली तर रविवारच्या लाँग रनच्या आत हातात येईल.

सिंहगडी: कुठे दुखतं? पुढे वाटीपाशी, बाहेरून, आतून की मागे? तुमच्या धाग्यावरून एवढंच कळलं की तुम्हाला गुडघा आहे.

पळपुटा: उजवा. पळताना दुखतो, म्हणून तर पळायचा सपोर्ट विचारतोय ना.

लोखंडी_नाशिक: डोळे झाकून ७ मिमीची निओप्रीन स्लीव्ह घे भावा. मी स्क्वाटला तीच वापरतो, गुडघा दगडासारखा राहतो.

सिंहगडी: दगड घेऊन शर्यतीतला यवतेश्वरचा घाट कसा चढायचा? तुम्ही सेट झाला की ती खाली सरकवता, याला २१ किमी वागवायचीय. मी एकदा जाड स्लीव्ह घालून पळालोय. आठव्या किमीला घामाने घसरून पोटरीवर तिची वळकटी झाली आणि गुडघ्यामागचं सालटं निघालं. पळायला पातळ, विणलेली, आतून सिलिकॉनची पट्टी असलेली बघा.

लोखंडी_नाशिक: माप चुकलं असेल तुमचं.

सिंहगडी: माप बरोबर होतं, सल्ला चुकला होता. तोही जिममधलाच.

सुमनमावशी: बाळा, माझे दोन्ही गुडघे झिजलेत. रात्री महानारायण तेल कोमट करून चोळते, बरं वाटतं. नीकॅप घालून झोपायचे तर डॉक्टर रागावले, झोपताना काढून ठेवायची म्हणे. पाय सुजायचा. आणि जिना उतरताना कठडा धरावा.

पळपुटा: मावशी, मी ३४ वर्षांचा आहे.

सुमनमावशी: मीही होते.

अनवाणी: मुळात बूट हाच रोग आहे. बूट काढा, गुडघे आपोआप

खडूस: आला! अजून कसा आला नाही म्हणत होतो. घाटातल्या खडीवर अनवाणी पळायचं का त्याने, शर्यतीला तीन आठवडे असताना?

नीलम_फिजिओ: पळपुटा, तीन प्रश्न. पहिल्या पावलापासून दुखतं की काही किमीनंतर? चढाला जास्त की उताराला? रोज रस्त्याच्या एकाच कडेने पळता का?

पळपुटा: पाच-सहा किमीपर्यंत काही नाही. मग गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला दाभण टोचल्यासारखं होतं, उताराला फारच. चालायला लागलं की थांबतं. हो, समोरून येणाऱ्या गाड्या दिसाव्यात म्हणून कायम उजव्या कडेने पळतो. महिना झाला. हे आधी सांगायला हवं होतं का?

खडूस: छे छे, निकाल लागल्यावर सांगायचं.

नीलम_फिजिओ: न तपासता खात्रीने सांगता येणार नाही, पण वर्णन आयटी बँडचं वाटतं. कमरेपासून मांडीच्या बाहेरून गुडघ्याखाली जाणारा जाड पट्टा असतो तो. त्यामुळे वाटीच्या खाली बांधायचा अरुंद पट्टा तुमच्या कामाचा नाही, तो वाटीखालच्या कंडरेसाठी (टेंडनसाठी). बिजागरीचा लिगामेंटची दुखापत झालेल्यांना देतात. स्लीव्हने ऊब आणि जरा धीर मिळतो, इतकंच. तुम्हाला घ्यायचाच तर मांडीवर, गुडघ्याच्या थोडा वर बांधायचा आयटी बँडचा पट्टा घ्या. काहींना त्याने आराम पडतो, मूळ दुखणं जात नाही.

साताऱ्याला निम्मी शर्यत चढ आणि परत येताना उतार, म्हणजे तुमचं दुखणं नेमकं तिथेच गाठणार. तोवर उताराचा सराव बंद, दुखायच्या आत थांबायचं, पावलं आखूड आणि भराभर. रस्ता कडेला उतरता असतो, तेव्हा रोज तीच कड नको, मैदानावर पळा. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलायचा व्यायाम रोज. सूज आली किंवा गुडघा अडकला, तर तुम्हाला नको असलेला सल्ला घ्यावाच लागेल.

पळपुटा: हे कामाचं. साइज एल ना? पँट ३४ आहे.

नीलम_फिजिओ: पँटवरून नाही हो. कंपनीच्या तक्त्यात कुठला घेर मोजायचा ते दिलेलं असतं, तिथे शिंप्याची टेप लावा. उभं राहून, स्नायू सैल सोडून.

कासप्रेमी: शर्यतीनंतर कासला फुलं बघता येतील का? आणि कंदी पेढे कुठले चांगले?

खडूस: पेढ्यांचा वेगळा धागा काढा, तिथे शंभर प्रतिसाद येतील.

लोखंडी_नाशिक: ७ मिमीच.

पळपुटा: आईची ब्लाउजची टेप घेऊन मोजलं, एम निघाला! मांडीचा पट्टा मागवलाय. रविवारी मैदानावर पाच किमी, बस. सोबत वाटीखालचाही घेतलाय, दोन घेतले तर शंभर रुपये कमी होते.

नीलम_फिजिओ: तो परत करा.